वसंताच्या माळावरचे नऊ खड्डे

आमच्या घरात चार वर्षं वसंता हे नाव कुणी काढलं नव्हतं. मुद्दाम काढायची गरजच नव्हती, पहाटे गोठ्यात गेलं की ते आपोआप आठवायचं. गावामागचा माळ ओलांडला की सातपुड्याच्या पायथ्याचा नाला, आणि आमच्या गावची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावरून सरळ पाण्यावर जात. वसंतानानांनी माळ विकत घेऊन सभोवती तारेचं कुंपण घातलं आणि गुरांना तीन कोसांचा वळसा पडला. तेव्हापासून आई तासभर आधी उठायला लागली. अंधारात तिच्या बांगड्यांचा, शेणाच्या पाटीचा आणि दावणीला अंग घासणाऱ्या म्हशीचा आवाज यायचा. मग चूल पेटायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा वास घरभर सुटायचा. आबा, माझे वडील, चुलीपुढे पाटावर बसून ठेच्याशी भाकरी खात, आणि कुंपण झाल्यापासून त्या वेळी त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. आधी असे नव्हते ते. बोलके होते. विशेषतः वसंताबद्दल बोलताना.

हे वसंतानाना म्हणजे आबांचे बालमित्र. दोघांनी मिळून आसपासच्या पाच गावांत विटीदांडू गाजवला होता, असं जुनी माणसं सांगत. नाना पुढे इंजिनियर झाले आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या चहाच्या मळ्यांवर तीस वर्षं राहिले. बायको गेल्यावर परतले ते तिथला साहेबी खेळ डोक्यात घेऊनच. माळावर विहीर खणली, मुरूम फोडला, काळी माती वाहून आणली आणि नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलं, सगळं स्वतःच्या हौसेखातर. फाटकावर ‘खाजगी’ अशी पाटी लागली. गावानं वाटेसाठी तहसिलीत अर्ज केला तेव्हा पहिली सही आबांची होती. निकाल नानांच्या बाजूनं लागला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

मी अकरावीला होते तेव्हाची ही गोष्ट. थंडीचे दिवस होते, घरात भरीत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांची सालं काढून आई ती लाकडी बडगीत ठेचत होती. त्या ठोक्यांतच पोस्टमनची हाक आली. पत्र नानांचं होतं. आबांचा चष्मा सापडेना म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. ‘दत्तू, महिनाभर दवाखान्यात होतो. छातीचं दुखणं. डॉक्टर म्हणतात, रोज चाला, पण एकट्यानं चालू नका. पोरीला घेऊन ये. वसंता.’ आई ठेचायची थांबली. आबांनी पत्र माझ्या हातून घेतलं, चष्म्याशिवायच पाहिलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, “वाढ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहून म्हणाले, “मंगे, चपला घाल.”

“कुठी चालले तुमी?” आईनं विचारलं.

“पाहून येतो, मेला का जगला.”

फाटकापासून मुरमाची वाट चढत जाते. दोन्ही बाजूंना आम्ही जन्मापासून पाहिलेला माळच होता. सुकलेलं कुसळ, बोरीची काटेरी झुडपं, निष्पर्ण सालई. चढ संपला आणि मी जागच्या जागी थांबले. आजवर पुष्कळ ठिकाणं पाहिली मी. नोकरीच्या निमित्तानं हिंडले, मुलानं विमानातून नेऊन समुद्र दाखवला. पण त्या चढावर जसा श्वास अडकला तसा पुन्हा कधी अडकला नाही. पिवळ्या-तांबूस टेकड्यांच्या मधोमध हिरवा रंग सांडला होता. केळीचा हिरवा मला माहीत होता, तो उभा असतो, फाटका असतो, वाऱ्यात सळसळतो. हा आडवा होता, गप्प होता. टेकडीच्या अंगावरून उतरत, पळसाच्या झाडांना वळसा घालत पुन्हा वर चढत गेला होता. मध्येच एखादा लाल झेंडा. मागे सातपुडा, इतका जवळ की त्याच्या घळींमधली झाडं मोजावीत. दव अजून सुकलं नव्हतं आणि त्या गवतावर कोवळं ऊन पडलं होतं. आवाज कसलाच नव्हता. मोटारपंपही नाही आणि केळीच्या ट्रकचा भोंगाही नाही. मी न सांगता चपला काढून हातात घेतल्या.

नाना बाकावर बसले होते. खूप वाळले होते. आबा त्यांच्याकडे न जाता खाली वाकले, गवतावर पालथा हात फिरवला, चार पाती तोडून वास घेतला. चार वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं वाक्य होतं, “पाणी कितींदा देतो?”

“दिवसाआड,” नाना म्हणाले. “बस ना दत्तू.”

आबा बसले नाहीत. गवताकडे पाहत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. “इतकं पाणी पाजून गवत वाढवायचं, अन्‌ कापून टाकायचं? आमची गुरं तीन कोस चालतात वसंता. गाभण म्हैस तीन कोस चालते.”

“मैदानातून गुरं गेली तर हे चार दिवसांत संपेल. तूच सांग, उभ्या केळीत तू गुरं सोडशील?”

“केळी खातात. हे काय खातं कोणी?”

बराच वेळ असं चाललं. मला वाटलं, आता उठून निघायचं. नानांना धाप लागली. मग नाना एकदम हसले आणि आपली जुनी बोली बोलू लागले. “दत्तू, लहानपणी आपला वाद कसा मिटे रे? जो जिंके त्याचं खरं. खेळ माह्यासंगं. जिंकला तर वाट तुही. हरला किंवा बरोबरी झाली, तर कुंपण राहील तसंच, अन्‌ तू पुन्हा तहसिलीचं नाव काढायचं नाही.”

“मी ही काठी कधी हातात धरली नाही.”

“म्हणून तर दोघं खेळा, तू अन्‌ पोरगी. चेंडू एक. एक फटका तिनं मारायचा, एक तू. दर खड्ड्याला तुमचे तीन फटके माफ. ज्याचे फटके कमी, त्याचा खड्डा. नवातले ज्याचे जास्त, तो जिंकला. आठ दिवस घे शिकायले.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. विटीदांडूत मी गल्लीतल्या पोरांना घाम फोडत असे, आणि त्यावरून आईचे धपाटेही खाल्ले होते. मी मान हलवली.

ते आठ दिवस घरादारानं सोसले. नानांनी दोन काठ्या आणि पिशवीभर चेंडू दिले होते. सोबत त्यांच्या माळाची निगराणी करणारा हिरामण रोज तासभर येऊन शिकवी. हा साक्रीकडचा, साठीचा, अहिराणी बोलणारा माणूस. केळी काढून मोकळ्या झालेल्या वावरात आम्ही उभे राहत असू. पहिले दोन दिवस चेंडू जागचा हलला नाही, ढेकळंच उडाली. आबा कुदळ मारावी तशी काठी वरून खाली आणत. हिरामण डोक्याला हात लावी. “आबा, हाई खंदानं काम नै शे! विटी मारतस तशी मारा.” तिसऱ्या दिवशी आबांनी ते ऐकलं. काठी कडेनं फिरली, ‘टक्‌’ असा कोरडा आवाज झाला आणि चेंडू बांधावरून, निंबावरून, पलीकडच्या केळीवरून जाऊन दिसेनासा झाला. हिरामण नुसताच “ओ हो हो” म्हणाला. आबा काठी वर धरूनच उभे राहिले. चेंडू केव्हाच गेला होता तरी पाहत राहिले. मी माझ्या वडलांना राबताना, भांडताना, एकदा रडतानाही पाहिलं होतं. खेळताना पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी माझ्या फटक्यानं ओट्यावरचा माठ फुटला. आई वाहत्या पाण्यात उभी राहून म्हणाली, “व माय, एक येडा होता घरात, आता दोन झाले.” पण त्याच संध्याकाळी तिनं माझ्या तळहाताच्या फोडांना हळद-तेल लावलं आणि हळूच विचारलं, “भेटीन का व वाट?” तिला पहाटेचा तो तास हवा होता. गावालाही हवा होता. पाणी भरायला गेलं की बाया विचारत, पारावर माणसं आबांना अडवत. सगळ्या गावाची वाट आमच्या दोघांच्या मनगटांवर आली होती.

खेळाच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. नाना, आबा, मी आणि काठ्यांची पिशवी घेतलेला हिरामण, एवढीच माणसं. गावातल्या कुणाला आणायचं नाही असं आबांनीच ठरवलं होतं. पहिले दोन खड्डे नानांनी सहज घेतले. त्यांचा फटका लांब जात नसे, दुखण्यानं अंगात जोर राहिला नव्हता, पण चेंडू सरळ जाई, जणू दोरीवरून. आमचा एकदा बोरीत, एकदा नाल्यात. आबांच्या कपाळाची शीर उठली होती. मी काही चुकले की ते “हूं” म्हणत, बाकी नाही.

तिसऱ्या खड्ड्याला झेंड्यापाशी हिरवळीवरून चेंडू हळूच ढकलायचा होता. माझी पाळी होती. हिरामण कानाशी म्हणाला, “ताई, उतार देख. पानी कथा वाही जाई ते देख.” पाणी कुठं वाहत जाईल, एवढंच पाहायचं. ते मला येत होतं, केळीला पाण्याची बारी देऊन देऊन येत होतं. मी उताराच्या अंदाजानं चेंडू बाजूला सोडला. तो वळला, रेंगाळला आणि आत पडला. तो ‘टुप्‌’ आवाज अजून कानात आहे. तो खड्डा आमचा झाला. चौथाही झाला.

पाचवा खड्डा मला सांगता येईल तेवढा सांगते. तिथं एका टेकडीच्या माथ्यावरून मारायचं असतं, मध्ये खोल घळ आणि झेंडा पलीकडच्या टेकडीवर. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं. उत्तरेला सातपुडा, एकामागे एक निळ्या ओळी, शेवटची ओळ आकाशाच्या रंगात मिसळलेली. दक्षिणेला वळून पाहिलं तर पायाखाली आमचं सगळं जग. केळीच्या बागांचा अखंड पट्टा, त्यात बुडालेली गावं, आमचं गाव, देवळाचा कळस आणि फार दूर तापीची चकाकती रेघ. आबांचं सगळं आयुष्य त्या पट्ट्यात वाकून गेलं होतं. वरून तो कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी चढले असतील म्हणावं, तर तेव्हा खाली केळी नव्हती, कोरडवाहू होतं. ते काठी टेकून उभे राहिले. एक मोरघार आमच्या पायांच्याही खालून, घळीतून गेली. पक्ष्याची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

“वसंता,” आबा शेवटी म्हणाले, “हे तू रोज पाहतो?”

“रोज.”

“अन्‌ एकटाच?”

नानांनी नाकावरचा चष्मा काढून पुसला.

मग मी मारलं. खरं म्हणजे मी मारलं असं वाटतच नाही, ते माझ्या हातून झालं. चेंडू घळीवर गेला आणि तिथे लटकला. खाली एवढी पोकळी असताना चेंडू किती वेळ वर राहतो! आम्ही चौघं तोंड उघडं टाकून त्याच्याकडे पाहत होतो. पलीकडच्या हिरवळीवर तो उतरला तेव्हा आवाजही आला नाही. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. घळीला वळसा घालून चालताना दोघं म्हातारे पुढे आणि आम्ही मागे. मी ऐकलं, आबा नानांना कुठल्यातरी जुन्या विटीची गोष्ट सांगत होते आणि नाना हसता हसता छाती धरत होते. तो खड्डाही आमचा झाला. पुढचे दोन नानांचे, आठवा आमचा. चार-चार झाले.

नवव्या खड्ड्याला नानांचे पाच फटके झाले. आमचे तीन माफ होते, म्हणजे आम्ही सातात संपवलं तर जिंकत होतो. पाच झाले होते आणि चेंडू झेंड्यापासून वीस पावलांवर, पळसाच्या वाळक्या पानांत पडला होता. पाळी आबांची होती. नाना आणि हिरामण झेंड्यापाशी उभे होते, लांब, आमच्याकडे पाठ करून. आबांनी वाकून चेंडूपाशी पडलेलं एक पान उचललं. त्याबरोबर चेंडू बोटभर घरंगळला.

या खेळात पंच नसतो. चेंडू असा हलला तर एक फटका वाढतो, आणि तो ज्याचा त्यानं सांगायचा, हे नानांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी पाहिलं. आबांनी पाहिलं. आणखी कुणीही पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आई आली, अंधारात शेणाची पाटी उचलणारी. मी मनात म्हटलं, आबा, बोलू नका. आज माझं वय त्या दिवशीच्या आबांपेक्षा जास्त आहे आणि हे लिहिताना लाज वाटते, पण मी तसंच म्हटलं होतं.

आबा ताठ झाले आणि त्यांनी हाक मारली, “वसंता! माह्या हातून हलला रे. एक वाढव.”

नाना वळले. “मी नाही पाह्यलं.”

“मी पाह्यलं ना.”

मग त्यांनी चेंडू मारला. सुरेख मारला, झेंड्यापासून चार हातांवर आणून ठेवला. मी तो ढकलून आत घातला. मोजायचं काही उरलं नव्हतं. तो एक फटका वाढला नसता तर आम्ही जिंकलो असतो. आता बरोबरी झाली होती, म्हणजे कुंपण राहणार होतं. नाना आबांकडे पाहत राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण आबांनी हात वर केला. “ठरलं ते ठरलं. आता वाट देशील तर मी घेणार नाही.” बाकावर बसून आम्ही आईनं दिलेलं भरीत-पुरी खाल्लं. नानांनी डॉक्टरांना न जुमानता दोनदा घेतलं आणि ऊन कलेपर्यंत आम्हाला उठू दिलं नाही.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती आणि पारावर माणसं जमली होती. आई घराच्या ओट्यावर पदर आवळून उभी होती. आबा घरी न जाता आधी पारापाशी गेले. बरोबरी झाली, वाट मिळाली नाही, असं सरळ सांगितलं. चेंडू हलल्याचंही सांगितलं. आमचे चुलते, आप्पा, उसळून उठले. “अरे पण कोणी पाह्यलं होतं? गावासाठी एक डाव गप्प राह्यला असता तर काय बिघडत होतं?”

आबांनी टोपी काढून हातात घेतली. पारापुढे मी त्यांना कधी बोडक्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. म्हणाले, “आप्पा, मी मोठा धर्मराज म्हणून नाही बोललो. खरं सांगतो, रागवा पाहिजे तर. मला त्या वक्ताले वाट आठवलीच नाही. पाचव्या खड्ड्यापासून आठवली नव्हती. मी खेळत होतो.”

आप्पा उठून गेले आणि पुढे सहा महिने आमच्या ओट्यावर आले नाहीत. वाटेचं पुढं असं झालं, की उन्हाळ्यात नानांनी स्वतःच पूर्वेकडचं कुंपण दहा हात आत घेतलं आणि कडेनं गुरांपुरती चिंचोळी वाट सोडली. मैदानातून नव्हे, कडेनं. तीन कोसांचा वळसा कोसभरावर आला. ही वाट आबांना दिली नव्हती, गावाला दिली होती, असं नाना सांगत, आणि आबांनी ते तसंच मान्य केलं. आईची पहाट पूर्ण सुटली नाही. थोडी सुटली.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी पारावरून आम्ही दोघं घराकडे निघालो तेव्हा मला रडू येत होतं. आईनं आमच्या तोंडाकडे पाहिलं, काय ते ओळखलं आणि आत वळून चुलीत लाकूड सारलं. आबा न्हाणीपाशी पाय धूत होते. मी तांब्यानं पाणी घालत होते. त्यांच्या पायांना अजून ते गवत चिकटलेलं होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं, आई ऐकत नाही अशी खात्री केली आणि अगदी हळू आवाजात, चोरट्यासारखं, मला विचारलं, “मंगे, सोमवारी पुन्हा जायचं का?”